छपाईतला डाग कोणाचा? आधी प्लेट बघा, मग बिल कापा

कापडाच्या धंद्यात माल मागावरून उतरला म्हणजे काम संपले असे होत नाही. साडीला खोका लागतो, लुंगीला लेबल लागते, ड्रेस मटेरियलच्या पाकिटात फोटोचे कार्ड लागते. गिऱ्हाइकाच्या हातात कापडाच्या आधी छापलेला कागद पडतो. जुन्या काळी गिरण्यांच्या ताक्यांवर रंगीत चित्रांचे छाप लावले जात आणि वाचता न येणारे गिऱ्हाईकही चित्र पाहून माल ओळखत असे. म्हणून छपाई हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने वरवरचा खर्च नाही. मालाची अर्धी ओळख तिच्यातच असते.

परंतु हीच छपाई बिघडली की आपल्याकडे काय होते, हे सर्व व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. व्यापारी प्रेसवाल्याचे बिल कापतो. प्रेसवाला प्लेटवाल्याकडे बोट दाखवतो. प्लेटवाला म्हणतो, शाई हलकी होती, कागद खराब होता, मशीनमनला पाणी सांभाळता आले नाही. हा वाद रमजानच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर होतो, त्यामुळे कोणालाच शांतपणे बसून विचार करायला फुरसत नसते. शेवटी तिघांत ज्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या माथी नुकसान बसते. बहुतेक वेळा तो गल्लीतला छोटा प्रेसवाला असतो, ज्याने जुनी मशीन घेऊन दोन माणसांची रोजी चालवलेली असते.

माझे मत स्पष्ट आहे. डाग कोणाचा हे ठरल्याशिवाय कोणाचाही पैसा कापू नये. आणि तो कोणाचा हे ठरवणे फारसे कठीण नाही. अर्धा तास, एक भिंग, एक मोजपट्टी आणि थोडी समज एवढेच त्याला पुरते.

प्लेट म्हणजे काय

ऑफसेट छपाई तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गोष्टीवर चालते. जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास चुनखडीच्या दगडावर हा शोध लावला. आपल्याकडे उर्दूची नस्तालिक लिपी शिशाच्या टायपात नीट बसत नव्हती, म्हणून उर्दू किताबे आणि अखबार पिढ्यान्पिढ्या याच दगडी छापखान्यांत छापले गेले. कातिब पिवळ्या मसालेदार कागदावर चिकट शाईने लिहीत आणि ते लिखाण दगडावर उतरवले जाई. दगड कुठे शाई धरतो आणि कुठे पाणी, यावर सारी छपाई अवलंबून असे.

आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला आहे. त्याचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर एक लेप दिलेला असतो. जिथे लेप राहतो तिथे शाई धरते आणि जिथे उघडा पत्रा दिसतो तिथे पाणी धरते. सीटीपी मशीनमध्ये लेझरने या लेपावर मजकूर उतरतो. त्यानंतर प्लेट प्रोसेसरमधून जाते. आधी डेव्हलपरच्या टाकीत नको असलेला लेप निघतो, नंतर पाण्याने धुलाई होते, मग गोंदाचा पातळ थर बसतो आणि शेवटी प्लेट सुकून बाहेर येते.

आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉझिटिव्ह थर्मल प्लेटमध्ये लेझर लागलेला लेप डेव्हलपरमध्ये विरघळतो आणि न लागलेला टिकतो. म्हणजे डेव्हलपर कमजोर पडला तर निघायला हवा तो लेप थोडा राहतो आणि कोऱ्या जागेवर शाईची झाक येते. डेव्हलपर जास्त कडक किंवा गरम झाला तर राहायला हवा तो लेपही खाल्ला जातो. तेव्हा फोटोतील हलके रंग उडतात, बारीक अक्षरे तुटतात आणि हजारो प्रती काढायची प्लेट लवकर झिजते. रंगाईच्या कारखान्यात टाकीची ताकद आणि गरमी यावर जसा कापडाचा रंग ठरतो, तसाच हा हिसाब आहे.

डाग वाचण्याची रीत

कापडवाल्याला दोष वाचायला शिकवावे लागत नाही. रोटरी छपाईच्या कापडावर दर ६४ सेंटिमीटरला एकच ठिपका येत असेल, तर स्क्रीनला भोक पडले आहे हे आपल्याकडचा नोकरही सांगतो. कागदाच्या छपाईतही तीच बुद्धी लावायची आहे.

पहिली गोष्ट : लागोपाठचे दहा-वीस ताव एकावर एक ठेवून बघा. डाग प्रत्येक तावावर जागा बदलत असेल तर प्लेटवर संशय घेऊ नका. शाई, पाणी, कागद आणि मशीनचे रोलर आधी तपासा. डाग अगदी त्याच जागी असेल तर मशीन थांबवून प्लेट आणि ब्लँकेट पुसून घ्या. पुसल्यावर गेला तर तो कागदाचा तुकडा किंवा शाईची वाळलेली खपली होती. पुसूनही आला तर भिंगाखाली प्लेटवर तीच जागा पाहा. तिथे खूण दिसली की गुन्हेगार प्लेटवर आहे हे समजावे. प्लेट साफ असेल तर ब्लँकेट बघा.

दुसरी गोष्ट : कोऱ्या जागेवर सगळीकडे झाक येत असेल तर मशीनमनने आधी पाण्याचा तोल आणि पाण्याचा पीएच पाहावा. तो साधारणपणे ४.५ ते ५.५ च्या दरम्यान ठेवतात. तो ठीक असूनही झाक जात नसेल तर प्लेटवरची चूक पुसण्याचे जे करेक्शन पेन असते, ते कोऱ्या जागेवर नाण्याएवढे फिरवा, पाण्याने धुवा, गोंद लावा आणि पुन्हा छापा. तेवढीच जागा पांढरी छापली आणि आजूबाजूला झाक तशीच राहिली, तर प्लेटवर लेप राहून गेला आहे. मग तो प्लेटवाल्याचा दोष. मशीनवर न चढवलेल्या प्लेटवर हीच परीक्षा एसिटोनच्या एका थेंबाने होते. कोऱ्या जागेवर थेंबाभोवती रंगीत कडे उमटले तर लेप बाकी आहे. एसिटोन झटकन पेट घेते, म्हणून ते शेगडी आणि बिडीपासून दूर ठेवावे.

तिसरी गोष्ट : मजकूर शाई धरतच नसेल, तर ओल्या स्पंजने प्लेट नीट धुवा. धुतल्यावर शाई धरू लागली तर गोंद जाड बसला होता. याउलट गोंद फार पातळ किंवा मुळीच न बसलेली प्लेट दमट हवेत ठेवली, तर उघड्या ॲल्युमिनियमला गंज धरतो आणि कोऱ्या जागेवर बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. ते पुसून जात नाहीत. पावसाळ्यात भिवंडी आणि कोकण पट्ट्यात ही तक्रार लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चौथी गोष्ट : प्लेटवर सारख्या अंतराने खुणा असतील तर मोजपट्टी लावा. प्रोसेसरमधल्या रोलरचा व्यास ३.१४ ने गुणला की त्याचा परीघ मिळतो. व्यास ५० मिलिमीटर असेल तर खूण दर १५७ मिलिमीटरला येईल. अंतर जुळले की तो रोलर सापडला. त्याच्यावर वाळलेला गोंद, चीर किंवा चिकटलेला कचरा असतो. प्लेट ज्या दिशेने प्रोसेसरमधून सरकते, त्या दिशेला लांब पट्टे असतील तर ब्रश झिजला आहे किंवा डेव्हलपर सोडणाऱ्या नळीचे भोक बुजले आहे. पट्टे आडवे असतील तर प्लेट आत सरकताना मध्येच अडखळते आहे. साखळी किंवा गिअर तपासावा.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत चोख परीक्षा : त्याच फाइलची दुसरी प्लेट काढा आणि प्रोसेसरमध्ये हाताने घालता येत असेल तर उलट्या टोकाकडून घाला. पट्टा चित्राच्या दुसऱ्या बाजूला सरकला तर खोट प्रोसेसरची आहे. चित्राच्या त्याच जागी राहिला तर फाइलची किंवा लेझरची. यात कोणी कोणाशी हुज्जत घालण्याचा प्रश्नच उरत नाही.

एक उदाहरण

काही वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर आमच्या साडीच्या खोक्यांची छपाई आली, तेव्हा झाकणाच्या पांढऱ्या कडेवर राखाडी झाक होती. पांढऱ्या खोक्यावर झाक म्हणजे नवा माल जुना दिसणार. दुकानातल्या मंडळींचे म्हणणे पडले की निम्मे बिल कापावे. प्रेसवाला एवढेच म्हणाला, "शेठ, कापायचे ते कापा, पण आधी प्लेट बघा." त्याने आमच्यासमोर करेक्शन पेन फिरवून दाखवले. नाण्याएवढी जागा दुधासारखी पांढरी छापली गेली.

आम्ही दोघे प्लेट घेऊन प्लेटवाल्याकडे गेलो. प्रोसेसरला ताजा डेव्हलपर पुरवणारा कॅन रिकामा होता. टाकीतला डेव्हलपर तपकिरी आणि घट्ट झाला होता. सीझनची घाई, रोज दुप्पट प्लेटा, आणि कॅन बदलायला कोणाला वेळ नाही, असे झाले होते. प्लेटवाला माणूस भला होता. त्याने टाकी रिकामी करून नव्या प्लेटा फुकट दिल्या. वाया गेलेल्या कागदाची किंमत तिघांनी वाटून घेतली. निम्मे बिल कापले असते तर त्या प्रेसवाल्याच्या घरी ती ईद कशी झाली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दोष कुठे जन्मतो

हे एका दुकानापुरते नाही. डेव्हलपरची ताकद दोन प्रकारे कमी होते. एक तर प्रत्येक प्लेटबरोबर विरघळलेला लेप त्यात मिसळतो. दुसरे म्हणजे मशीन बंद असतानाही हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यातील अल्कली मारतो. चुन्याची निवळी उघडी ठेवली की तिच्यावर साय धरते, त्यातलाच हा प्रकार आहे. म्हणून प्रोसेसरमध्ये जितके चौरस मीटर प्लेट जाईल तितका ताजा भर घालावा लागतो आणि मशीन नुसती उभी असली तरी थोडा भर लागतोच. हा भर वाचवणे म्हणजे तेल न घालता दिवा जळत राहील अशी आशा करणे होय.

उन्हाळ्यात दुसरे संकट येते. पुष्कळशा थर्मल प्लेटांसाठी डेव्हलपर २२ ते २५ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. नेमका आकडा प्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर दिलेला असतो. मालेगावात मे महिन्यात बाहेरची हवा ४० अंशांच्या वर जाते. प्रोसेसरचे कूलिंग बंद पडले किंवा वीज गेली, तर टाकी तापते आणि प्लेट जास्त खाल्ली जाते. अशा वेळी प्रेसवाला म्हणतो फोटोतल्या चेहऱ्यावरचा हलका रंग उडाला, आणि आपण म्हणतो मशीनमन नवशिका आहे.

धुलाईच्या पाण्याकडेही कोणी पाहत नाही. डेव्हलपर पिळून काढणारे रबरी रोलर कडक झाले की डेव्हलपर धुलाईच्या टाकीत वाहून जातो. धुलाई कमी झाली तर तो गोंदातही उतरतो आणि गोंद बिघडतो. जड पाण्याच्या भागात रोलरवर आणि नळीच्या भोकांत क्षार बसतात. फिल्टर गाळाने भरला की सुटलेला लेप फिरून प्लेटवर बसतो. यातील प्रत्येक गोष्ट रोजच्या धुण्यापुसण्याने आणि वेळेवर बदलण्याने टळते.

न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. पॉझिटिव्ह प्लेटवर लेझरची ताकद कमी पडली तरी अगदी अशीच झाक येते. तेव्हा थर्मामीटर आणि डेव्हलपरची कंडक्टिव्हिटी ठीक असेल, तर प्रोसेसर चालवणाऱ्या पोराला दोष देऊ नये; लेझर तपासून घ्यावा.

कोणी काय करावे

प्लेटवाल्या बांधवांना माझी विनंती आहे की प्रत्येक प्लेटच्या कडेला तपासणीची पट्टी टाकावी. तिच्यात ५० टक्के ठिपक्यांचा चौकोन, एक-दोन टक्क्यांचे हलके ठिपके आणि बारीक रेषा असाव्यात. कापली जाणारी कड असल्याने गिऱ्हाइकाला तिचा त्रास नाही. प्रोसेसरजवळ एक वही टांगावी आणि तिच्यात तारीख, डेव्हलपरची गरमी, कंडक्टिव्हिटी, किती चौरस मीटर प्लेट गेली आणि टाकी कधी बदलली एवढे लिहावे. डेव्हलपर कडक अल्कली आहे, डोळे आणि हात जाळतो. कामावरच्या पोरांना रबरी हातमोजे आणि चष्मा द्यावा. जुना डेव्हलपर गटारात ओतू नये. गल्लीतल्या लोकांचाही आपल्यावर हक्क आहे.

प्रेसवाल्यांनी प्लेट घेताना उजेडात आणि भिंगाखाली पाहूनच घ्यावी. मशीनवर चढवून पाच हजार ताव छापल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. पहिला चांगला ताव व्यापाऱ्याची सही घेऊन ठेवावा. वाद झालाच तर ती प्लेट भंगारात टाकू नये, कारण पुरावा तोच आहे.

आणि आपण व्यापाऱ्यांनी? प्लेटमागे चार रुपये कमी करून घेण्यासाठी आपण घासाघीस करतो. ते चार रुपये प्लेटवाला बहुधा डेव्हलपरच्या कॅनमधूनच वाचवणार. एका प्लेटची किंमत आणि वाया गेलेल्या पाच हजार तावांची किंमत समोरासमोर मांडून बघा, म्हणजे स्वस्त काय आणि महाग काय ते कळेल. तसेच ऑर्डर देतानाच तिघांत लिहून घ्यावे : प्लेटचा दोष निघाल्यास नवी प्लेट कोण देईल, कागद कोणाचा जाईल, तक्रार किती दिवसांत करायची.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. करारात मुदत काहीही लिहिली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. याचा फायदा घेण्यासाठी प्रेसवाल्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ज्या समाजात व्याजाचे नाव काढणेही नको वाटते, त्या समाजात हिशेब त्या पायरीपर्यंत जाऊच नये. तोंडी आरडाओरड करून सहा महिने बिल लटकवण्यापेक्षा आठ दिवसांत दोन ओळी लिहून कळवणे केव्हाही चांगले.

आपल्या दीनमध्ये मापात कमी देणाऱ्याला किती कडक इशारा दिला आहे, हे सूरह मुतफ्फिफीन जाणणाऱ्यांना सांगायला नको. माप फक्त तराजूत आणि गजातच असते असे आपण समजतो. कारागिराची मेहनत मोजतानाही माप असते. पुरावा न पाहता कापलेले बिल हेही कमी मापच आहे, आणि कमजोर डेव्हलपरमधून काढलेली प्लेट पूर्ण भावाने विकणे हेही तेच.

येणाऱ्या सीझनमध्ये छपाई बिघडली तर कात्री हातात घेण्याआधी भिंग हातात घ्या. प्लेट खोटे बोलत नाही. तिने ज्याचे नाव सांगितले त्याच्याकडून भरपाई जरूर घ्यावी. बाकीच्यांची मजुरी त्यांचा घाम सुकायच्या आत त्यांच्या हातात पडावी.